वाट अडलेल्या पाण्याचा दगड

१०० किलो वजनाचा जिप्समचा धोंडा घेतला, तर त्यात जवळजवळ २१ किलो पाणी असतं. वरून हात फिरवला तर तो कोरडा लागतो. फोडला तरी आत कुठे ओल दिसत नाही. हे पाणी फटींत साचलेलं नसतं की छिद्रांत मुरलेलं नसतं. ते दगडाच्या घडणीतच असतं. कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे दोन रेणू, असा जिप्समचा हिशेब आहे. स्फटिकात कॅल्शियम आणि सल्फेटचे थर असतात आणि दोन थरांच्या मधे पाण्याचा पदर असतो. हे पदर फार घट्ट धरलेले नसतात, म्हणून जिप्समचा स्वच्छ स्फटिक अभ्रकासारखा पापुद्र्यांत सुटतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्‌जच्या मापात त्याचा क्रमांक २ आणि आपल्या नखाचा साधारण अडीच; त्यामुळे नखानेही त्याच्यावर ओरखडा उठतो.

या नरम दगडाशी आपला संबंध रोजचा आहे. फळ्यावरचा खडू, मोडलेल्या हाताचं प्लास्टर, दिवाणखान्यातलं पीओपीचं छत, भुईमुगाला आऱ्या सुटताना देतात ती पांढरी भुकटी, वैद्यांची गोदंती, ही सगळी या एकाच खनिजाची रूपं. सिमेंटच्या प्रत्येक पोत्यात ते थोडं असतंच. क्लिंकर दळताना शेकडा तीन ते पाच या प्रमाणात जिप्सम मिसळलं नाही, तर पाणी घातल्यावर सिमेंट थापीवरच आवळायला लागेल. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडक आहे, कोळसा आहे आणि म्हणून सिमेंटचे मोठे कारखानेही आहेत. पण त्यांना लागणारं जिप्सम मात्र बाहेरूनच आणावं लागतं. कारखान्यांना पुरेल असा त्याचा नैसर्गिक साठा महाराष्ट्रात नाही. तो का नाही, हे समजून घेतलं की जिप्सम कसं तयार होतं हेही बरंचसं उलगडतं.

सुरुवात आपल्या किनाऱ्यावरच्या मिठागरापासून करू. उरण, पेण, भाईंदर किंवा गोव्यातलं आगरवाडो, कुठलंही मिठागर घ्या. भरतीचं पाणी आत घेतात, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरवतात आणि उन्हाने ते आटत जातं. पाहणाऱ्याला वाटतं, पाणी आटलं की मीठ उरतं. पण समुद्राच्या पाण्यातले क्षार एकदम खाली बसत नाहीत, ठरलेल्या क्रमाने बसतात. आधी अगदी थोडासा चुना. मग पाणी आटून मूळच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम. मीठ त्यानंतर, पाणी एक दशांशावर आल्यावर. रसायनशास्त्रज्ञ उसिग्लिओ याने १८४९ साली भूमध्य समुद्राचं पाणी टप्प्याटप्प्याने आटवून हा क्रम नोंदवला. मिठागरवाल्यांना तो प्रयोगशाळेशिवायही ठाऊक असतो. खाऱ्या पाण्याचा दाटपणा बॉमे मापाने मोजतात. समुद्राचं पाणी साडेतीन डिग्रीच्या आतबाहेर असतं. तेरा डिग्रीच्या सुमारास जिप्सम बसायला लागतं आणि पंचवीसला मिठाचे दाणे धरतात. म्हणून मीठ पिकवण्याच्या शेवटच्या कप्प्यात पाणी सोडण्याआधी जिप्सम मागेच बसून गेलेलं असावं लागतं. गुजरात आणि तमिळनाडूच्या मोठ्या मिठागरांत तळाची ही खरपुडी गोळा करून विकली जाते. सागरी जिप्सम म्हणून देशाच्या खनिज-हिशेबात तिची वेगळी नोंद होते.

म्हणजे जिप्सम तयार व्हायला दोन गोष्टी हव्यात: पाणी अडलेलं असावं आणि ऊन-वाऱ्याने ते येतं त्यापेक्षा जास्त वेगाने उडून जावं. पण इतक्याने डोंगराएवढे थर कसे होतील, हा प्रश्न उरतोच. थोडं गणित करू. एक घनमीटर समुद्रपाण्यातलं सगळं कॅल्शियम जिप्सम होऊन बसलं, तरी जेमतेम पावणेदोन किलो जिप्सम मिळतं. हजार मीटर खोल समुद्र पूर्ण आटवला तरी तळाशी एक मीटरचाही थर भरत नाही. मीठ मात्र दहा मीटरहून जास्त जाड बसेल. तेव्हा जिथे दहा-वीस मीटर जाडीचे जिप्समचे थर एकावर एक रचलेले आढळतात, तिथे समुद्र एकदाच आटला असणं शक्य नाही. पाणी आत येत राहिलं, आटत राहिलं आणि हे चक्र फार मोठा काळ चाललं, असंच म्हणावं लागतं.

या चक्राचं सगळ्यात भव्य उदाहरण भूमध्य समुद्राचं आहे. १९७० साली ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने त्या समुद्राच्या तळाला भोकं पाडून खडकांचे नमुने वर काढले. मोहिमेचे शास्त्रज्ञ-प्रमुख होते विल्यम रायन आणि केनेथ शू. खोल समुद्राच्या तळाशी त्यांना जिप्सम आणि ॲनहायड्राइट (पाणी नसलेलं कॅल्शियम सल्फेट) हाती लागलं, आणि हे क्षार तर आटत्या पाण्यात बसतात! त्यातून पुढे जे चित्र उभं राहिलं ते असं: सुमारे ५९ लाख ७० हजार वर्षांपूर्वी जमिनीच्या हालचालींमुळे अटलांटिककडून येणारा पाण्याचा मार्ग आक्रसत गेला. भूमध्य समुद्रात नद्या जेवढं पाणी आणतात त्याहून कितीतरी जास्त पाणी उन्हाने उडून जातं. तूट भरून काढणारी वाटच चिंचोळी झाल्यावर तो समुद्र एक अवाढव्य मिठागर बनला. ५३ लाख ३० हजार वर्षांपूर्वी ही अवस्था संपली. तोपर्यंत काही भागांत तळाशी एक किलोमीटरहून जाड क्षारांचे थर साचले होते. पाण्याची पातळी नेमकी किती खाली गेली, समुद्र कोरडा पडला की खोलच राहून नुसता दाट झाला, यावर भूशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला यातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो जमिनीवरचा. स्पेनमध्ये सोर्बासजवळ आणि सिसिली बेटावर हे थर उचलले जाऊन आज उघड्यावर आलेत. तिथे जिप्सम आणि चिखलदगड आलटूनपालटून येतात. असे सोळाच्या आसपास फेरे मोजता येतात, आणि पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यामुळे सुमारे २१ हजार वर्षांच्या चक्रात हवामान जसं ओलं-कोरडं होतं, त्याच्याशी ते जुळतात. काही थरांत तळापासून उभे वाढलेले पुरुषभर उंचीचे स्फटिक आहेत.

समुद्र नसतानाही जिप्सम होतं. त्यासाठी एवढंच हवं की प्रदेशातलं पाणी वाहून समुद्राला मिळू नये. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं तुलारोसाचं खोरं असंच चहूबाजूंनी बंद आहे. भोवतीच्या डोंगरांत २५ कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचं जिप्सम आहे. पाऊस आणि बर्फाचं पाणी ते विरघळवून खोऱ्यात आणतं आणि वाट नसल्यामुळे तिथेच आटतं. हिमयुगात इथे मोठं सरोवर होतं. त्याच्या चिखलात जिप्समचे तांबूस-पिवळे स्फटिक वाढले. सरोवर आटल्यावर वाऱ्याने ते फोडून त्यांची वाळू केली. आज तिथे सुमारे ७१० चौरस किलोमीटरवर शुभ्र टेकड्या पसरल्या आहेत. व्हाइट सँड्स हे त्या जागेचं नाव, २०१९पासून राष्ट्रीय उद्यान. जिप्समची वाळू जगात एवढी दुर्मिळ असण्याचं कारण सरळ आहे. नद्या-ओढ्यांच्या प्रदेशात ती विरघळून कधीच समुद्राला जाऊन मिळाली असती.

आपल्या देशात हे काम थरच्या वाळवंटाने केलं आहे. भारतातलं खाणींतून निघणारं जवळजवळ सगळं जिप्सम राजस्थानचं. बिकानेरजवळचं जामसर, नागौरजवळचं भदवासी, शिवाय जैसलमेर, बाडमेर, श्रीगंगानगर आणि हनुमानगड जिल्ह्यांतल्या खाणी. इथे खोल बोगदे खणावे लागत नाहीत. वाळूचा पातळ थर बाजूला केला की काही मीटरांतच पांढरी, रवाळ, मऊ माती लागते. या प्रदेशात नद्या वाळूत जिरून जातात. घग्गर त्यातलीच एक. खोलगट जागी पावसाचं पाणी साचतं आणि जमिनीखालचं खारं पाणी वर ओढलं जाऊन पृष्ठभागाजवळ उडून जातं. मागे उरतं जिप्सम. अबू धाबीच्या किनारी खारपट सपाटीवरही हाच प्रकार चालतो. तिथे कामाला असलेल्या आपल्या माणसांच्या शोकेसमध्ये हमखास दिसणारा 'वाळवंटातला गुलाब' म्हणजे वाळूच्या आत, अशा ओढलेल्या पाण्यातून पाकळ्या-पाकळ्यांनी वाढलेलं जिप्समच. बिकानेर-नागौरच्या जमिनीखाली काही शे मीटरांवर पन्नास कोटी वर्षांहून जुने मिठाचे आणि ॲनहायड्राइटचे थर आहेत. पाणी अडण्याचा या भूमीचा इतिहास एवढा जुना आहे.

तिरुचिरापल्लीच्या बाजूला, कराईच्या उघड्याबोडक्या घळींत वेगळं रूप दिसतं. क्रिटेशियस काळातल्या समुद्री चिखलदगडांच्या भेगांत तंतुमय, रेशमी झाक असलेल्या जिप्समच्या शिरा आहेत. अशा खडकांत जिप्सम होण्याचा एक मार्ग गंधकातून जातो. चिखलातल्या लोहमाक्षिकाला हवा-पाणी लागलं की गंधकाचं आम्ल सुटतं, ते शिंपल्यांच्या चुन्याला भिडलं की जिप्सम तयार होतं.

आता पुन्हा महाराष्ट्राकडे. आपल्या नद्या वाहत्या आहेत, गोदावरी-कृष्णा बंगालच्या उपसागराला जातात, तापी अरबी समुद्राला. पाणी साचून आटायला जागा नाही, हे कारण बऱ्याच अंशी खरं. पण बुलढाणा जिल्ह्यात एक जागा अशी आहे जिथून पाण्याला खरोखरच वाट नाही: लोणारचं सरोवर. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी आत येतं, बाहेर पडत नाही, उन्हात आटतं. सगळी तयारी जिप्समचीच. तरी लोणारमध्ये जिप्समचे थर बसत नाहीत. तिथे मिळतात ते सोड्याचे क्षार. पूर्वी ते काढून विकले जात आणि त्यांच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती.

हे असं का होतं, याचा सुबक उलगडा लॉरेन्स हार्डी आणि हान्स युगस्टर यांनी १९७० साली केला. पाणी आटायला लागलं की सर्वांत आधी कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची जोडी जमते आणि चुना खाली बसतो. जोडी सारख्या प्रमाणात जमते, म्हणून जे मुळात जास्त असेल ते उरतं आणि जे कमी असेल ते संपून जातं. कॅल्शियम उरलं, तर पुढे त्याची गाठ सल्फेटशी पडते आणि जिप्सम होतं. कार्बोनेट उरलं, तर कॅल्शियम आधीच संपलेलं असतं. मग सल्फेट कितीही असो, त्याला जोडीदार नाही. पाणी सोड्याचं होत जातं. लोणारचं पाणी बेसाल्टमधून झिरपत येतं, त्यात बायकार्बोनेटचा भाग मोठा आणि सल्फेटही बेताचंच. म्हणून विवरातल्या पाण्याचा सामू १०च्या आसपास जातो आणि कॅल्शियम चुन्यात अडकून पडतं. दोन बंद खोऱ्यांत सुरुवातीच्या पाण्यात असलेला थोडासा फरक शेवटी दोन अगदी वेगळे दगड घडवतो. भूरसायनशास्त्रात इतकी साधी आणि इतकी दूरवर पोचणारी कल्पना मला दुसरी चटकन आठवत नाही.

हाच नियम अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या मातीतही काम करतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या चोपण जमिनीत चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. ओली झाली की माती फुगून गच्च होते, पाणी आत जिरत नाही, आणि वाळली की दगडासारखी टणक होते. गंमत अशी की या मातीत चुनखडीचे खडे भरपूर असतात, म्हणजे कॅल्शियमला तोटा नाही. पण ते चुन्यात कोंडलेलं आहे आणि अल्कधर्मी पाण्यात चुना विरघळत नाही. जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं. मिठाच्या तुलनेत हे नगण्य असलं, तरी चुन्याच्या तुलनेत फार आहे. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं, सुटलेलं सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतं आणि निचरा असेल तर वाहून जातं. निचरा नसेल तर जिप्समची पोती ओतून उपयोग नाही, ही गोष्ट मात्र शिफारशीच्या कागदावर जेवढी ठळक असायला हवी तेवढी नसते, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

आतापर्यंत जिप्सम जमिनीच्या वर किंवा तोंडाशी होतं. ते खोल गाडलं गेलं की उष्णता आणि दाबाने त्यातलं पाणी पिळून निघतं आणि ॲनहायड्राइट उरतं, म्हणजे नुसतं कॅल्शियम सल्फेट. पुन्हा पाणी मिळालं तर ॲनहायड्राइट ते शोषून जिप्सम होतं आणि त्याचं आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. जर्मनीतल्या श्टाउफन या छोट्या गावाने याची जबर किंमत मोजली. २००७ साली नगरभवन उबदार ठेवण्यासाठी जमिनीतली उष्णता घ्यायची म्हणून भोकं पाडली. त्यांतून पाणी ॲनहायड्राइटच्या थरापर्यंत पोचलं, थर फुगला, गाव वर उचललं गेलं आणि दोनशेहून अधिक इमारतींना तडे गेले.

हीच अदलाबदल सावकाश, अंधारात, लाखो वर्षं चालली तर काय होतं, ते मेक्सिकोतल्या नाइकाने दाखवलं. चिवावा राज्यातली ही शिसं-चांदी-जस्ताची खाण. २००० साली सुमारे ३०० मीटर खोलीवर बोगदा काढताना खाणकामगारांना एक गुहा लागली. आत जिप्समचे अर्धपारदर्शक खांब आडवेतिडवे पसरले होते. सर्वांत मोठा ११ मीटरहून लांब आणि त्याचं वजन कित्येक टन. गुहेत तापमान ५८ अंशांपर्यंत आणि हवा बाष्पाने भरलेली. थंड ठेवणाऱ्या पोशाखाशिवाय माणूस तिथे दहा मिनिटांहून जास्त थांबू शकत नसे.

गोष्ट त्या ५८ अंशांपाशीच आहे. साधारण या तापमानाच्या वर ॲनहायड्राइट टिकतं, खाली जिप्सम. खालच्या तप्त खडकाच्या उष्णतेने गुहेतलं पाणी या सीमारेषेच्या किंचित खाली राहिलं. त्यामुळे खडकातलं ॲनहायड्राइट अगदी हळू विरघळत होतं आणि तितक्याच हळू जिप्सम बसत होतं. पाणी चटकन थंड झालं असतं तर असंख्य बारीक स्फटिक एकदम धरले असते. इथे नवा स्फटिक धरायला पुरेसा जोर कधी आलाच नाही, म्हणून आधी धरलेले मोजके स्फटिकच वाढत राहिले. हा खुलासा स्पेनचे स्फटिकशास्त्रज्ञ हुआन मानुएल गार्सिया-रुइझ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडला. पुढे वाढीचा वेग प्रत्यक्ष मोजला गेला. ५५ अंशांना एक मीटर जाडीचा खांब व्हायला दहा लाख वर्षांच्या आसपास लागतील, इतका तो कमी आहे. खाणीचे पंप चालू होते तोवरच ती गुहा कोरडी होती. ते थांबल्यावर पाणी परत चढलं आणि खांब पुन्हा पाण्याखाली गेले. स्फटिकांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं.

पृथ्वीबाहेरही ही खूण उपयोगी पडली. २०११ साली अपॉर्च्युनिटी गाडीला मंगळावर एंडेव्हर विवराच्या कडेशी जिप्समची बोटाएवढ्या रुंदीची, हातभर लांब शीर सापडली. भेगेतून कधीकाळी पाणी वाहिल्याशिवाय अशी शीर भरत नाही, आणि लोणारच्या नियमाने पाहिलं तर ते पाणी सोड्याचं नव्हतं, एवढंही त्यातून कळतं.

या दगडातलं पाणी काढता येतं आणि परत घालताही येतं, हे माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव तिथलं. पण यात नेमकं घडतं काय, हे १७६५ साली २१ वर्षांच्या लाव्हाझिएने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. भट्टीत जिप्समचं जे जातं ते पाणी, आणि प्लास्टर घट्ट होताना जे परत घेतं तेही पाणीच. दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की तीन चतुर्थांश पाणी निघून जातं. त्या भुकटीत पाणी कालवलं की ती विरघळते आणि सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतत पुन्हा जिप्सम होतं. त्या वेळी उष्णता सुटते. हाताला प्लास्टर घालताना ऊब लागते ती हीच.

म्हणजे पीओपीची गणेशमूर्ती रसायनाच्या भाषेत जिप्समचीच असते, आणि ती पाण्यात विरघळत नाही हे म्हणणं पूर्ण खरं नाही. ती विरघळते, पण लिटरमागे अडीच ग्रॅम. एक किलोच्या मूर्तीला चारशे लिटर पाणी आणि भरपूर वेळ लागेल. वीस लिटरच्या बादलीत जेमतेम ५० ग्रॅम जातील. शाडूची मूर्ती विरघळत नाही, तिची माती पाण्यात सुटी होते. दोन्हींतला खरा फरक हा आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर जो उपाय सुचवला आणि महापालिकेने नागरिकांना ज्याची भुकटी वाटली, तो अमोनियम बायकार्बोनेटचा. बादलीत ते विरघळवून त्यात मूर्ती ठेवली की कार्बोनेट कॅल्शियमला सल्फेटपासून ओढून घेतं. चुना तळाशी बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. कॅल्शियमवर पहिला हक्क कार्बोनेटचा, हा लोणारचाच नियम. आणि देशाच्या पहिल्या मोठ्या खत-कारखान्याचा पायाही तोच होता. सिंद्रीचा कारखाना योजला गेला तो मीठ-पर्वतरांगेतलं जिप्सम धरून. फाळणीत ती रांग पाकिस्तानात गेली, तेव्हा राजस्थानचं जिप्सम रेल्वेने सिंद्रीला न्यावं लागलं. १९५१ साली उत्पादन सुरू झालं. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जिप्समची गाठ घालून तिथे अमोनियम सल्फेट बनत असे आणि खाली बसणाऱ्या चुन्याचा गाळ शेजारच्या सिमेंट कारखान्याला जाई. बादलीतलं पाणीही तसंच पातळ करून झाडांना घालता येतं. फक्त मूर्तीवर रासायनिक रंग असेल तर तो आधी खरवडून काढावा, कारण रंगातले धातू या प्रक्रियेत कुठेच जात नाहीत.